अंतराळवीराचा स्मार्ट शर्ट: सुरुवात कापडापासून करा

पुण्यातल्या दोन विद्यार्थिनींचा प्रश्न आहे. एक इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या तिसऱ्या वर्षाला, दुसरी फॅशन डिझाइनला. दोघी मिळून अंतराळवीरांसाठी स्मार्ट जॅकेट करणार आहेत. त्यात ईसीजी, रक्तातला ऑक्सिजन, शरीराचं तापमान, मानसिक ताण, जीपीएस, पेल्टियरचं (विजेवर एक बाजू गार करणाऱ्या चकतीचं) कूलिंग आणि बाहीवर एलईडी असं सगळं हवंय. मायक्रोकंट्रोलर (सेन्सर चालवणारा छोटा संगणक-चिप) कुठला घ्यावा आणि हे सगळं कापडावर कसं जोडावं, असं त्यांनी विचारलंय.

मायक्रोकंट्रोलरचं आधी सांगून टाकते. एनआरएफ ५२ घराण्यातला कुठलाही चालेल. ईएसपी ३२ सहज मिळतो, स्वस्त असतो, पण त्याचं वाय-फाय सुरू झालं की बॅटरी मोठी घ्यावी लागते, आणि अंगावरची बॅटरी शक्य तितकी लहानच हवी. का, ते पुढे येईल. पण हा तुमच्या प्रोजेक्टमधला सगळ्यांत सोपा निर्णय आहे. घोडं अडतं ते कापडापाशी. मी मूळची कापडातली, शिक्षण इचलकरंजीला झालं, आणि आता पुण्यात कामगारांच्या आणि खेळाडूंच्या कपड्यांत सेन्सर बसवण्याचं काम करते. या कामात मी पाहिलेले बहुतेक प्रोटोटाइप बाद झाले ते कापड अंगावर नीट न बसल्यामुळे. सर्किटचा दोष क्वचितच निघाला. अंतराळात तर अंगच बदलतं. म्हणून तुमची यादी सेन्सरपासून सुरू झाली आहे ती उलटी करा: आधी शरीर, मग ज्या बंद केबिनमध्ये ते शरीर राहतं ती केबिन, मग कापड, आणि शेवटी सर्किट.

कपडा कुठला, हेही आधी ठरवावं लागेल. अंतराळवीराचे कपडे तीन जातींचे असतात. यानाबाहेर पडतानाचा सूट, उड्डाणाच्या आणि परतीच्या वेळचा दाबाचा सूट, आणि अंतराळ स्थानकात दिवसभर अंगावर असणारे टी-शर्ट, शॉर्ट्स, पँट. पहिल्याच्या वाटेला जाऊ नका. अमेरिकी सूटच्या आत शुद्ध ऑक्सिजन असतो, दाब साधारण ३० किलोपास्कल, आणि अंगालगतच्या अस्तरात पाण्याची सुमारे ९० मीटर बारीक नळी फिरवलेली असते. अशा नळ्यांची गरज १९६६ च्या जेमिनी ९ मोहिमेत ठसठशीतपणे दिसली. युजीन सर्नन यानाबाहेर काम करताना हवेवर थंड होणाऱ्या सूटमध्ये इतके तापले की घामाच्या वाफेने हेल्मेटची काच धुरकटली आणि समोरचं दिसेना. मेहनतीचं काम करणारा माणूस सरासरी ३०० वॉटच्या आसपास उष्णता टाकतो. ती बाहेर काढण्याची यंत्रणा हा कॉलेजच्या प्रोजेक्टचा विषय नाही. दुसऱ्या जातीतला सोकोल नावाचा रशियन सूट खडकवासल्याच्या एनडीएतून गेलेल्या राकेश शर्मांनी १९८४ मध्ये सोव्हिएत सोयूझ यानात घातला होता. तोही जीव वाचवणारा सूट आहे, त्यात हौशी फेरफार चालत नाहीत. तिसरी जात तुमची. त्याच एनडीएचे शुभांशू शुक्ला २०२५ च्या जून-जुलैत आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर राहिले, तेव्हा प्रयोग, जेवण, झोप हे सगळं साध्या कपड्यांतच झालं. तिथे तुमचं काम खपू शकतं. आणि जॅकेटही नको, शर्ट करा. जॅकेट अंगापासून लांब राहतं. ईसीजीला त्वचा लागते.

आता शरीर. वजनरहित अवस्थेत अंग सैल सोडलं की माणूस ताठही राहत नाही आणि बसल्यासारखाही दिसत नाही. खांदे वर सरकतात, हात पुढे तरंगतात, कोपर, कंबर आणि गुडघे अर्धवट वाकतात. १९७३-७४ मध्ये अमेरिकेच्या स्कायलॅब स्थानकावर हे मोजलं गेलं तेव्हा धड आणि मांडी यांमधला कोन सुमारे १२८ अंश आणि गुडघ्याचा सुमारे १३३ अंश आला. त्यात कणा लांबतो आणि उंची काही सेंटीमीटर वाढते. पायांतलं द्रव छातीकडे आणि डोक्याकडे सरकतं. चेहरा सुजल्यासारखा दिसतो, मांड्या-पोटऱ्या बारीक होतात. पोटातले अवयव वर सरकून कंबरेचा घेर कमी होतो. म्हणजे जमिनीवर घेतलेलं माप वर गेल्यावर तसंच राहत नाही.

फॅशन डिझाइनवालीने इथे थांबून विचार करावा, कारण खरं कौशल्य तिचं लागणार आहे. ताठ उभ्या माणसाच्या मापावर बेतलेला शर्ट या अवस्थेत पाठीत आखूड पडतो, काखेत ओढतो आणि पोटावर चुण्या धरतो. जिथे चुणी पडली तिथे इलेक्ट्रोड (ईसीजीचा सिग्नल टिपणारा, त्वचेला टेकणारा तुकडा) त्वचेपासून सुटला म्हणून समजा. मागची लांबी वाढवावी लागेल, पुढची कमी करावी लागेल, बाही पुढच्या अंगाला झुकवून लावावी लागेल. शिवाय इथे शर्ट खांद्यांवर लोंबतो, त्याचं वजनच त्याला खाली धरून ठेवतं. तिथे वजन नाही, त्यामुळे शर्ट हालचालीसरशी वर चढतो आणि अंगापासून फुगून राहतो. इलेक्ट्रोड त्वचेवर दाबून ठेवायला उरतो तो फक्त कापडाचा ताण. तो कमी पडला तर सिग्नल जातो, जास्त झाला तर आठ तासांत माणूस शर्ट काढून टाकतो. म्हणून पूर्ण शर्ट घट्ट करू नका. छातीच्या खालच्या फासळ्यांवर एक रुंद पट्टा होजिअरी कापडाचाच, पण जास्त इलॅस्टेन (ताणणारा धागा) घालून विणलेला घ्या आणि बाकीचा शर्ट सैल ठेवा. पट्ट्याची कड दुमडून शिवू नका. दुमडलेल्या कडेची रेघ त्वचेवर उमटते आणि पहिली तक्रार तिचीच येते.

बॅटरीबद्दल एक गैरसमज नेहमी दिसतो: वजन नाही म्हणजे बॅटरी कुठेही लावली तरी चालेल. वजन गेलं तरी वस्तुमान राहतं. अंतराळवीर भिंतीला पाय लावून स्वतःला ढकलतो आणि समोरच्या दांड्याला धरून थांबतो, तेव्हा सैल खिशातली बॅटरीची आणि सर्किटची डबी पुढे जायला बघते आणि पट्टा ओढते. डबी धडाच्या मध्याजवळ, पट्ट्यालाच, दोन्ही बाजूंनी बांधलेली हवी.

हे काम आधी झालेलं आहे आणि ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. इटलीने मॅजिक-स्पेस नावाचं बंडी केलं. सामंता क्रिस्तोफोरेत्ती यांनी २०१४-१५ च्या मोहिमेत ते घालून झोपेतला ईसीजी, श्वास आणि हृदयाच्या ठोक्याने छातीला बसणारे बारीक हादरे नोंदवले. कॅनडाने मॉन्ट्रियलच्या कंपनीकडून बायो-मॉनिटर करून घेतला, शर्ट आणि डोक्याचा पट्टा मिळून. २०१९ मध्ये डेव्हिड सेंट-जाक यांनी तो स्थानकावर वापरला. जर्मनीच्या मथियास माउरर यांनी २०२१-२२ च्या मोहिमेत बीट नावाच्या प्रयोगासाठी सेन्सर शिवलेला शर्ट घातला. तोही हृदयाच्या हादऱ्यांसाठीच. पहिल्या आणि तिसऱ्यात एक सारखेपणा आहे. त्यांनी एकेक नेमका प्रश्न घेतला आणि तेवढ्यापुरतंच मोजलं. हादऱ्यांचं मोजमाप तर वर अधिक स्वच्छ मिळतं, कारण शरीर तरंगत असतं, गादी-खुर्चीचा आधार मध्ये येत नाही.

तुमच्या यादीला आता कात्री लावू. जीपीएस काढा. स्थानक सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर वेगाने जातं, बाजारातले साधे रिसीव्हर एवढ्या वेगाला आणि उंचीला मुद्दाम बंद पडतील असेच बनवलेले असतात, आणि शर्ट घातलेला माणूस स्थानकाच्या बाहेर असणारच नाही. ऑक्सिजन छातीवरून नीट मिळत नाही, कपाळावरून मिळतो, शर्टात नको. एलईडी नको. "मानसिक ताण" हे मोजमाप नाही, तो हृदयगतीच्या चढउतारांवरून काढलेला अंदाज आहे. आधी ठोके नीट मोजा.

तापमानाचं जरा सविस्तर सांगते, कारण तिथे फसगत होते. शर्टातल्या सेन्सरला कळतं ते कापड आणि त्वचा यांमधल्या हवेचं तापमान. शरीराच्या आतलं तापमान त्यावरून कळत नाही. जर्मन संशोधकांनी स्थानकावरच्या अंतराळवीरांच्या कपाळावर उष्णतेचा प्रवाह मोजणारा दुहेरी सेन्सर लावला होता. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत असं दिसलं की अडीच महिन्यांच्या सुमारास आतलं तापमान जमिनीवरच्यापेक्षा जवळपास १ अंशाने वर गेलं होतं आणि व्यायामात ते ४० अंशांच्याही पुढे जात होतं. एवढी महत्त्वाची गोष्ट छातीवरच्या साध्या तापमान-सेन्सरला कळलीच नसती.

राहिलं काय? ईसीजी, श्वास आणि अ‍ॅक्सेलरोमीटर (हालचाल मोजणारा सेन्सर). पुरेसं आहे. श्वासासाठी मात्र दोन पट्टे हवेत, छातीला एक आणि पोटाला एक. वजनरहित अवस्थेत श्वासातला पोटाचा वाटा वाढतो, आणि एकाच पट्ट्यावर भरवसा ठेवला तर हिशेब चुकतो.

पेल्टियर मी वेगळा ठेवला होता. तो उष्णता संपवत नाही. एका बाजूची उचलून दुसऱ्या बाजूला टाकतो आणि वर स्वतःची भर घालतो. जमिनीवर ती गरम बाजू हवेवर थंड होते, कारण तापलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि तिच्या जागी गार हवा येते. वजनरहित अवस्थेत "वर" असं काही नाही आणि हलकं-जडही नाही. हे अभिसरण थांबतं. तापलेली हवा वस्तूभोवती तशीच साचून राहते. म्हणून तर स्थानकात पंखे सतत चालू ठेवावे लागतात. तुमच्या सर्किटलाही हेच लागू आहे. टेबलावर कोमट लागणारी डबी तिथे आडोशाला, दोन कापडांच्या मध्ये, चांगलीच तापू शकते. आणि ४४ अंशांची वस्तू सहा तास त्वचेला टेकून राहिली तर भाजतं, हे १९४० च्या दशकापासून माहीत आहे. झोपलेल्या माणसाला ते वेळेवर कळेलच असं नाही. यासाठी खर्चिक चाचणी लागत नाही. डबी कापसात गच्च गुंडाळा, पूर्ण भाराने चालवा, थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) आत ठेवा आणि तापमान स्थिर होईपर्यंत थांबा. तिथे ४० च्या खाली राहिली तरच अंगावर चढवा.

आता बॅटरीचा हिशेब. ईसीजीचा चिप, श्वास, अ‍ॅक्सेलरोमीटर आणि नोंद साठवणं, सगळं मिळून सरासरी १० मिलिवॉटमध्ये बसवता येतं. ४८ तासांना ते अर्ध्या वॉट-तासाच्या आत होतं, ३.७ व्होल्टची १५० एमएएचची सेल त्याला पुरते. सेकंदाला २५० नमुने, तीन चॅनेल, प्रत्येकी २ बाइट धरले तर दिवसाला सुमारे १३० एमबी माहिती होते. ती शर्टातल्याच मेमरीत ठेवा आणि दिवसातून एकदा काढून घ्या. सतत वायरलेसने पाठवण्याचा हट्ट सोडला की बॅटरी आपोआप लहान होते. लिथियमची सेल बिघडून पेटते तेव्हा आत साठलेली सगळी ऊर्जा बाहेर येते, आणि इथल्यासारखं शर्ट काढून बाहेर फेकण्याची सोय तिथे नाही. लहान सेल, तिला स्वतःचं संरक्षण सर्किट, चार्जिंग अंगावर असताना कधीच नाही, आणि डबी एका हाताने ओढून काढता येईल अशी.

आगीबद्दल मी थोडी कडक आहे. २७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो १ च्या जमिनीवरच्या चाचणीत शुद्ध ऑक्सिजन भरलेल्या केबिनमध्ये आग लागून तिघे अंतराळवीर गेले. त्यानंतर अपोलोच्या सूटला काचतंतूंचं टेफ्लॉन चढवलेलं बीटा कापड आलं. आज स्थानकाची हवा आपल्यासारखीच, २१ टक्के ऑक्सिजनची आहे, त्यामुळे तिथे सुती कपडेही वापरतात. पण पुढच्या मोहिमांसाठी नासाने दाब ५६.५ किलोपास्कल आणि ऑक्सिजन ३४ टक्के अशा केबिनचा विचार केलेला आहे. बाहेर पडण्याआधीची तयारी त्यामुळे झटपट होते. आता कापडांचे आकडे बघा. कापड पेटतं राहायला हवेत किमान किती टक्के ऑक्सिजन लागतो, याचा एक निर्देशांक असतो. सुती कापडाचा साधारण १८, पॉलिएस्टरचा २० ते २१, लोकरीचा २५, आगीला तोंड देणाऱ्या कृत्रिम धाग्यांपैकी नोमेक्सचा २८ ते ३०, पीबीआयचा ४१ च्या आसपास. म्हणजे आपण ज्याला बिनधास्त "आग न धरणारं" म्हणतो ते नोमेक्ससुद्धा ३४ टक्क्यांत जळत राहू शकतं. चाचणीत ज्योत वरून खाली येते, जमिनीवर प्रत्यक्षात ती खालून वर चढते, तेव्हा इथे खरी अवस्था आणखी वाईट. तुमच्या अहवालात शर्ट कुठल्या हवेसाठी आहे ते पहिल्या पानावर लिहा. पॉलिएस्टर आणि नायलॉन वितळून त्वचेला चिकटतात, म्हणून अंगालगतचा थर लोकरीचा किंवा सुती घ्या. मेरिनो लोकर बारीक असते, टोचत नाही, वासही कमी धरते, आणि तिचा लिंट (सुटलेले बारीक तंतू) सुतीपेक्षा कमी उडतो. स्थानकात लिंट खाली बसत नाही, हवेच्या जाळ्यांवर जाऊन अडकतो आणि अंतराळवीरांना तो व्हॅक्यूमने काढत बसावा लागतो.

धुलाईचा प्रश्न मात्र सुटतो, आणि त्याजागी दुसरा उभा राहतो. स्थानकात कपडे धुण्याची सोय नाही. दर माणसामागे वर्षाला ७० किलोच्या वर कपडे पाठवावे लागतात, वापरून झाले की ते मालवाहू यानात भरून वातावरणात जाळले जातात. आपण इथे स्मार्ट कपडा पन्नास धुण्यांत टिकावा म्हणून जिवाचा आटापिटा करतो. तिथे तो न धुता टिकायला हवा. रोज दोन तासांच्या आसपास व्यायाम असतो. घाम ओघळत नाही, त्वचेवर आणि कापडात थर धरून बसतो. मग शर्ट वाळत टाकला की पाणी हवेत जातं, यंत्रणा ते पकडून पुन्हा पिण्याजोगं करते (२०२३ मध्ये पाणी परत मिळवण्याचं प्रमाण ९८ टक्क्यांवर गेलं), आणि मीठ शर्टातच उरतं. चांदीचा मुलामा दिलेल्या नायलॉन धाग्याचं हे जुनं दुखणं आहे. घामाच्या मिठातल्या क्लोराइडने चांदीवर थर धरतो. इलेक्ट्रोडसाठी तो थोडा थर उपकारकच आहे, दवाखान्यातल्या चिकट इलेक्ट्रोडमध्ये तो मुद्दाम दिलेला असतो. पण तोच धागा तार म्हणून वापरला तर मुलामा झिजत जातो आणि रोध वाढत जातो. म्हणून कामं वेगळी करा. त्वचेला लागणारा तुकडा चांदीच्या धाग्याचा, आणि तिथून डबीपर्यंतची तार इन्सुलेशन असलेल्या बारीक मल्टिस्ट्रँड तांब्याची, नागमोडी टाकलेली, म्हणजे कापड ताणलं तरी तार ताणली जाणार नाही.

याच पाण्यामुळे सिलिकॉनचा मोह टाळायला हवा. जोड झाकायला आपण सगळेच सर्रास सिलिकॉन वापरतो. बंद केबिनमध्ये वस्तूंतून निघणारा प्रत्येक वायू तिथेच फिरतो. २०१० मध्ये स्थानकाच्या शुद्ध पाण्यात सेंद्रिय कार्बन वाढू लागला; शोध घेतला तेव्हा तो एक सिलिकॉनजन्य पदार्थ निघाला, जो गाळण्यांना दाद देत नव्हता. सिलोक्सेन (सिलिकॉनच्या कुळातली संयुगं) रोजच्या प्रसाधनांतून आणि अशाच इतर वस्तूंतून हवेत येत असतात. तुमच्या शर्टाने त्यात भर घालू नये. जोड झाकायला टीपीयू या लवचीक प्लास्टिकची फिल्म इस्त्रीने दाबून लावा.

शिवणकामाचं जवळून सांगते, कारण बिघाड इथेच होतो. चांदीचा धागा सुईत घालू नका, बॉबिनमध्ये घाला, आणि सुईत साधा पॉलिएस्टर. सुईतला धागा टाका पूर्ण होईपर्यंत नेढ्यातून कितीतरी वेळा मागे-पुढे घासला जातो आणि मुलामा खरवडला जातो. बॉबिनचा धागा सरळ येतो. बॉबिनचा ताण थोडा सैल करा, टाका लांब ठेवा, झिगझॅग घ्या. धाग्याची टोकं सुटी ठेवली तर त्यांचे तंतू पिंजारतात आणि शेजारच्या मार्गाला लागून शॉर्ट होतो. ती टोकं फिल्मखाली घ्या. पीसीबीपाशी (सर्किटच्या कडक पाटीपाशी) धागा सोल्डर करायला जाऊ नका, आतलं नायलॉन वितळतं. मुलामा दिलेल्या मोठ्या भोकातून पाच-सहा टाके घट्ट घाला. तरीही तुटेल तर कुठे? पीसीबीच्या कडेपासून पहिल्या काही मिलिमीटरमध्ये, जिथे कडक पाटी संपते आणि मऊ कापड सुरू होतं. तिथे खाली जाड विणीच्या कापडाचा ठिगळ-तुकडा द्या, जो पाटीच्या पुढे बोटभर जाईल, म्हणजे वाक एका रेघेत न येता पसरेल. डबी जोडायला ईसीजीचीच टिचबटणं उत्तम. पुण्याच्या तपकीर गल्लीत मॉड्यूल, सेल, कनेक्टर सगळं मिळेल. टिचबटणं, इलॅस्टिक आणि होजिअरीचे तुकडे रविवार पेठेत बघा. बटण बसवल्यावर कापडाच्या आतल्या बाजूने त्याची कड बोटाने चाचपा. बोटाला लागली तर फासळीला नक्की लागेल.

चाचण्या पुण्यात उत्तम होतात. गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू असतो. एखाद्या ओळखीच्या वादकाला शर्ट घालायला द्या. ढोल कमरेला बांधलेला, दोन्ही हात जोरात चालू, घामाच्या धारा, आणि प्रत्येक टोल्यासरशी धड हादरतं. ईसीजीत हे टोले हुबेहूब हृदयाच्या ठोक्यांसारखे घुसतात, कारण त्यांनाही लय असते. अ‍ॅक्सेलरोमीटरची नोंद शेजारी ठेवली तरच ते वेगळे काढता येतात. स्थानकाच्या ट्रेडमिलवर अगदी हीच अडचण आहे: धावणाऱ्याला खांद्यांवरून आणि कमरेवरून हार्नेसने खाली ओढून धरलेलं असतं आणि पावलागणिक धक्का बसतो. तो हार्नेस शर्टावरूनच घासतो, तेव्हा खांदे आणि कंबर इथे काहीही बसवू नका. याची चाचणी पाठीवर भरलेली सॅक घेऊन सिंहगड चढताना होते. कमरेचा पट्टा बांधायला विसरू नका.

द्रव वर सरकण्याची अवस्थाही अंशतः आणता येते. संशोधनात माणसाला डोकं ६ अंश खाली ठेवून झोपवतात. दोन मीटरच्या कॉटच्या पायांकडच्या बाजूखाली २१ सेंटीमीटर उंचीचे ठोकळे दिले की तेवढा उतार होतो. निरोगी व्यक्ती, डॉक्टरांना विचारून, अर्धा तास, आणि रक्तदाब किंवा डोळ्यांचा त्रास असलेल्यांना अजिबात नाही. आधी आणि नंतर छातीचा घेर, पट्ट्याचा ताण आणि इलेक्ट्रोडचा इम्पिडन्स (त्वचेपाशी विजेला होणारा अडथळा) नोंदवा. एवढी नोंद जरी नीट केलीत तरी परीक्षकांना दाखवायला ठोस काहीतरी असेल. आणखी एक: लॅबमध्ये ईसीजीवर विजेची ५० हर्ट्झची गुणगुण येईल. ती गाळणारा फिल्टर दाखवताना लावा, मूळ नोंदीवर लावू नका. स्थानकाच्या अमेरिकी भागात वीजवाटप १२० व्होल्ट डीसीवर चालतं. तिथे ही गुणगुण नसेल, पण फिल्टर मात्र सिग्नलचा थोडा भाग उगाच खात राहील.

माप घेताना फक्त मुलग्यांची मापं घेऊ नका. २०१९ च्या मार्चमध्ये दोन महिला अंतराळवीरांनी एकत्र बाहेर पडण्याचा पहिला कार्यक्रम बदलावा लागला, कारण सूटचा मध्यम मापाचा धडाचा भाग एकच तयार होता. तो योग १८ ऑक्टोबरला आला. शर्टाच्या बाबतीत तर बायकांसाठी पट्ट्याची जागा छातीखाली घ्यावी लागते, आणि तो अंतर्वस्त्राच्या पट्टीवर चढला तर दोन्ही टोचतात. इलेक्ट्रोड अंतर्वस्त्राच्याच पट्टीत शिवणं हा बहुतेक वेळा अधिक चांगला मार्ग आहे. तुम्ही दोघी आहात, स्वतःवरच आठ-आठ तास घालून पाहा.

आणि नोंदी कोण पाहणार, ते शर्ट शिवायच्या आधी कागदावर लिहा. अंतराळवीर किंवा वैमानिक यांच्या हृदयाची एखादी वेडीवाकडी नोंद त्यांचं उड्डाण थांबवू शकते. असा शर्ट माणूस मनापासून घालेल की नाही हे त्याच्या नोंदी कुणाच्या हातात जातात त्यावर ठरतं. तुमच्या चाचणीत जे ढोलवादक, मित्र-मैत्रिणी शर्ट घालतील त्यांच्याकडून लेखी संमती घ्या, फाइलवर नावाऐवजी क्रमांक टाका, बंद करायचं बटण घालणाऱ्याच्या हाताला लागेल असं ठेवा, आणि ईसीजीत काही वावगं दिसलं तर स्वतः अर्थ न लावता त्या व्यक्तीला नोंद देऊन डॉक्टरांकडे पाठवा.